घोडी स्पर्धेत बुजत असेल तर

घरी शहाणी असलेली घोडी ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या चाली पंचांपुढं करून दाखवायच्या स्पर्धेच्या, मैदानात बिथरते, कारण तिथलं सगळंच तिला नवं. ६० बाय २० मीटरचं रिंगण, कडेला अक्षरांच्या पांढऱ्या पाट्या, 'सी' अक्षराच्या पाटीपाशी टेबल मांडून बसलेले पंच. माझी घोडी पहिल्या वेळी त्या टेबलाला बघून अशी थबकली की मी तिच्या मानेवर आलो. वर लगामही खेचला, मूर्खपणा! तोंड ओढलं की तिची खात्रीच पटते, समोर वाघ आहे.

पुढच्या थंडीत तिला लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला नेलं. तिच्यावर बसायचं नाही, घोडेबाजाराच्या कडेला धरून उभं राहायचं, बस्स. हलगी, भोंगे, उधळलेला भंडारा. तिचे कान भिरभिरत होते, नाकपुड्या फुगलेल्या. आयाळ संपते तिथं, खांद्याच्या वर, मी सावकाश खाजवत राहिलो. बऱ्याच वेळानं मान खाली आली, जबडा चाळवला. मगच चार पावलं पुढं. (माझा चहा तोवर गार.)

तूही असंच कर. घरी खताच्या पांढऱ्या पोत्यांच्या पाट्या कर. स्पर्धेला लवकर पोच, कडबा घरचाच ने. सुरुवातीची घंटी व्हायच्या आधी रिंगणाबाहेरून दोन्ही बाजूंनी फिरवून पंचांचं टेबल दाखव. घंटीनंतर आत शिरायला ४५ सेकंद असतात, घाई करू नकोस. अन् श्वास रोखून बसू नकोस. खोगिरातून तिला ते लगेच कळतं.