मानसिक आजार असलेल्या माणसाला सांभाळायला कायम एकच केअरटेकर हवा का?

(विचारलेलं थोडक्यात असं: आईला वीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. ब्युरोवाले दर दोन-तीन महिन्यांनी मावशी बदलतात, आताच्या मावशी ३० तारखेला जाणार. एकच व्यक्ती असणं खरंच इतकं गरजेचं आहे, की सवय लागू नये म्हणून बदलत राहिलेलंच बरं? आणि अशी व्यक्ती मिळते कुठे, पगार किती द्यावा?)

'सवय लागू नये म्हणून' हे शब्द वाचले आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य आमच्या घरात २०१९ साली बोललं गेलं आणि ते माझ्या धाकट्या भावाला भोवलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, एकच माणूस हवा. जमेल तितकी वर्षं तोच. ब्युरोवाले 'आमची पॉलिसी आहे' म्हणतात, ती त्यांच्या सोयीची असते. माणूस घरात रुजला की घरचे त्याला थेट ठेवतील आणि कमिशन बुडेल, एवढंच त्यामागे असतं.

धाकट्यालाही स्किझोफ्रेनियाच, १९८९ पासून, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आई होती तोवर सगळं तिनेच केलं. ती २०११ मध्ये गेली. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत ब्युरोने आमच्याकडे अकरा माणसं पाठवली. नवीन आलेला प्रत्येक जण दारात चपला काढता काढता त्याच्या समोरच मला विचारायचा, "ह्यांना काय होतंय? मारतात का?" पंचेचाळीस वर्षांच्या, इंजिनिअरिंगची तीन वर्षं केलेल्या माणसाने हे अकरा वेळा ऐकलंय. पाचव्या-सहाव्या माणसानंतर तो नव्या माणसाकडे बघेनासाच झाला. भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याला आम्ही आजार म्हणायचो.

अंघोळीवरून रोज रणकंदन. नळ चालू असला की त्या पाण्याच्या आवाजात त्याला माणसं बोलताना ऐकू येतात. आईला हे ठाऊक असणार, पण तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या अकरा जणांनी वहीत एकच नोंद केली: 'पेशंट अंघोळीला नकार देतात.' बारावे आले ते मामा. वेल्ह्याकडचे, पन्नाशीला आलेले, आधी एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. पहिले चार दिवस त्यांनी अंघोळीचं नावच काढलं नाही. चहा द्यायचे, बाजूला पेपर घेऊन बसायचे. पाचव्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवल्या, नळ पिळून बंद केला, बाथरूमचं दार उघडं ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, पाणी काढलंय." तो उठला आणि गेला. मी ओट्यापाशी उभी होते, मला रडू आवरेना.

मामांना कसं कळलं? चार दिवस बसून. नळ सोडला की भाऊ कानावर उशी घेतो हे त्यांनी पाहिलं. ते काही शिकवलेलं नव्हतं.

पुढच्या साडेसहा वर्षांत अशा किती गोष्टी त्यांच्या डोक्यात साठल्या असतील! चहा कडू लागतोय असं तो म्हणायला लागला की समजायचं, संशय वर यायला लागलाय, आठ-दहा दिवसांत बिघडणार. मामा त्याच कपातला घोटभर चहा बशीत ओतून आधी स्वतः प्यायचे आणि संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगायचे, "ताई, डॉक्टरला फोन लावा." आधी वर्षा-दीड वर्षाने एकदा ॲडमिट करावं लागायचं. मामांच्या काळात एकदाही लागलं नाही. टेकडीवर फिरायला न्यायला त्यांना आठ महिने लागले. आधी नुसतं जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत, मग टेकडीच्या पायथ्यापर्यंत. दर दोन महिन्यांनी माणूस बदलला असता तर आम्ही जिन्यातच राहिलो असतो.

२०१९ मध्ये मामांनी दोन हजार वाढवून मागितले. आम्ही ब्युरोला पंधरा हजार देत होतो, त्यातले अकरा त्यांच्या हातात पडायचे. ब्युरो म्हणाला वाढ देता येणार नाही, दुसरा माणूस पाठवतो. माझा थोरला भाऊ मुलुंडला असतो, निम्मे पैसे त्याचे. तो म्हणाला, "बदलू दे. फार सवय झालीये त्याला त्या माणसाची. उद्या तो कायमचा गेला तर काय करशील? अवलंबून ठेवणं बरं नाही." मी वाद घातला, पण हरले.

नवा मुलगा कामाला चोख होता. त्याला दोष देत नाही. त्याने पहिल्याच आठवड्यात धाकट्याच्या सिगारेटी बंद केल्या. दिवसाला पंधरा-सोळा ओढायचा, एकदम शून्य. दादाने फोनवर त्याची पाठ थोपटली. दोन-तीन आठवड्यांत धाकटा अगदी शांत झाला. हाक मारली की हळूच मान वळवायचा. शेजारीसुद्धा म्हणाले, "किती शांत झालाय हो!" मलाही बरं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

एका रविवारी मामा सहज भेटायला आले. दोन मिनिटं त्याच्याजवळ बसले आणि उठून स्वयंपाकघरात आले. "ताई, भाऊ शांत नाय झालं, गुंगीत हायेत. उशी बघितली का? अभ्रा सगळा ओला हाय. पोट कधी साफ झालंय?" मी त्या मुलाला विचारलं. पाच दिवस झालं नव्हतं. मग मामांनी विचारलं, "सिगारेट कुठंय?"

त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला. धाकटा क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर आहे. सिगारेटच्या धुराने यकृत हे औषध भराभर मोडून टाकतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. ओढणं अचानक थांबलं की तोच डोस रक्तात चढत जातो. गुंगी, लाळ, बद्धकोष्ठ, वेळीच कळलं नाही तर झटकेसुद्धा. या औषधाच्या बाबतीत बद्धकोष्ठ ही किरकोळ तक्रार नसते, त्याने जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना हे सगळं माहीत होतं, पण सिगारेट बंद झालीय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, डोस कमी केला, पोटाचं औषध दिलं.

मामांना यकृताचं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना ती उशी ठाऊक होती. साडेसहा वर्षं रोज सकाळी त्यांनी तो अभ्रा बदलला होता, किती ओला असतो हे त्यांच्या हातांना माहीत होतं. हे ज्ञान कुठल्या वहीत उतरवून नव्या माणसाला देता येईल, मला सांगा. 'शांत झाला' आणि 'गुंगीत आहे' यातला फरक ज्याने त्या माणसाला आधी पाहिलंय त्यालाच दिसतो.

आता 'अवलंबून राहतो' या मुद्द्याचं बोलते. दादा तीस वर्षं एकाच सीएकडे जातो. आईचा रक्तदाब शेवटपर्यंत एकाच डॉक्टरांनी पाहिला. त्याला आपण विश्वास म्हणतो. मग स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाने कुणावर विश्वास टाकला की त्याचंच नाव अवलंबून राहणं कसं होतं? ज्याच्या आजाराचा गाभाच संशय आहे, त्याने एका माणसाच्या हातचा चहा विनातक्रार प्यावा ही मोठी कमाई आहे. ती दर दोन महिन्यांनी मोडायची आणि वर 'बघा, हा कुणाशी जुळवूनच घेत नाही' म्हणायचं, हा अन्याय आहे. मला हे तेव्हा दादाला नीट सांगता आलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. तो हे वाचेल.

आणि 'उद्या तो गेला तर?' या प्रश्नाला उत्तर आहे. मामांना मी त्याच वर्षी थेट ठेवलं. आता त्यांचे गुडघे गेलेत. त्यांचा पुतण्या तीन महिने त्यांच्याबरोबर येत होता, दोघांचा पगार दिला. आधी नुसता पेपर वाचत बसायला, मग टेकडीला, शेवटी अंघोळीला. आषाढात मामा भातलावणीला गावी गेले तेव्हा तोच होता. माणूस जाणारच, पण बदल हळूहळू, ओळख करून देऊन होतो. एक तारखेला सकाळी आठ वाजता अनोळखी माणूस दारात उभा करून होत नाही.

सातारा, गोवा आणि तामिळनाडू इथे या धर्तीचा एक मोठा अभ्यास झाला होता. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते वर्षभर घरी जाऊन भेटत. निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. लक्षणं आणि दैनंदिन अडचणी दोन्ही कमी झाल्या, पण माफक, आणि मुख्यतः तामिळनाडूत. चमत्कार होत नाही. पण घरी येणारा माणूस डॉक्टर नसला तरी उपयोगी पडतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

कुठे मिळतो याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. ब्युरोतूनच येतो आणि मग टिकवावा लागतो. पुण्यात 'सा' (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थांच्या शुभंकर गटांत, म्हणजे रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्यांच्या गटांत, जाऊन बसा, तिथे एकमेकांकडून माणसं कळतात. पगार शहरागणिक बदलतो, आकडा सांगत नाही. पण ब्युरोला जेवढे देता तेवढे सगळे त्या बाईंच्या हातात पडले तर त्या राहतात, हा माझा अनुभव आहे. महिन्याला चार सुट्ट्या पगारी द्या. आईंचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार येतो, ४० टक्के किंवा जास्त असेल तर सांभाळणाऱ्याला आयकराच्या जुन्या करप्रणालीत किमान ७५ हजारांची वजावट मिळते. पगारापुढे ती काहीच नाही, पण सोडू नका.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. तोच माणूस हवा म्हणजे कसाही चालेल असं नाही. हात उगारला, गोळ्या चुकवल्या, पैशाला हात लावला, तर त्याच दिवशी बाहेर, मग दहा वर्षं झालेली असोत. गोळ्या रोज घरच्या कुणीतरी मोजाव्यात. सिगारेट चांगली असं मी म्हणत नाहीये, सोडवायचीच, पण डॉक्टरांना आधी सांगून. आणि सगळ्यात आधी आईंना विचारा की त्यांना या मावशी हव्यात का. आपली काळजी कशी घेतली जावी हे आधीच लिहून ठेवायचा हक्क त्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलाय, आपण घरातले मात्र साधं विचारतसुद्धा नाही. धाकट्याला मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता.

तुमच्याकडे ३० तारखेपर्यंत वेळ आहे. मावशींबरोबर एक दुपार बसा. आई कधी खात नाहीत, कशाला घाबरतात, बिघडायच्या आधी काय करायला लागतात, झोप कशी असते, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांचा नंबर घ्या. राहायची तयारी आहे का, किती पगार हवा, हे ब्युरोला विचारत बसू नका, त्यांनाच विचारा.