सामू (पीएच) वाढवायला लिक्विड लाइम घ्यावा की साधा चुना?

तुम्ही लिहिलंय की जालन्याकडं काळ्या रानात मोसंबी आहे आणि नवती (नवी पालवी) पिवळी पडलीय. दुकानदारानं कागदी पट्टी बुडवून माती आम्ल ठरवली आणि एकरी १० लिटर लिक्विड लाइम ठिबकातून सोडायला सांगितलं. आता तुमचा प्रश्न, तो कॅन घ्यावा की पारंपरिक चुना फेकावा? माझ्या मते दोन्ही नको. आमचे दाजी कृषी सेवा केंद्र चालवतात, त्यांच्याकडंही असाच कॅन असतो आणि यावरून आमची दर सणाला जुंपते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कॅनमध्ये काय असतं ते बघा. चांगल्या प्रतीचा लिक्विड लाइम म्हणजे अगदी बारीक दळलेली चुनखडी, पाणी आणि ती तळाला बसू नये म्हणून थोडी चिकणमाती. १० लिटरचं वजन साधारण १६ किलो धरा, त्यात चुनखडी फार तर १० किलो. एकरातली वरची सहा इंच माती भरते साधारण ९ लाख किलो. खऱ्या आम्ल, मध्यम जमिनीत सामू एक अंकानं वर न्यायला एकरी टन-दीड टन चुनखडी पावडर लागते, भारी जमिनीत त्याहून जास्त. तिथं १० किलोनं काय होणार? दाजी म्हणतात, "बारीक आहे, म्हणून कमी लागतं." नाही. बारीक असल्यानं काम लवकर होतं, पण आम्ल मारायची ताकद किलोमागं तेवढीच राहते.

आता तुमच्या रानाचा हिशोब. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या जमिनीत मोकळा चुना (मातीत मिसळलेली चुनखडी) मुळातच असतो. तो फक्त ५ टक्के धरला तरी सहा इंचात एकरी ४५ टन झाला. त्यात बोअरच्या पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी, चुनखडीच्या हिशोबात) लिटरला २०० मिलिग्रॅम असेल, तर १ लाख लिटर पाण्यामागं आणखी २० किलो येतो, म्हणजे दोन कॅन फुकट. ड्रिपरच्या तोंडावर जमणारी पांढरी खपली त्याचीच.

खात्री करायची असेल तर फरशी धुवायचं ॲसिड घ्या. एक भाग ॲसिड दोन भाग पाण्यात ओता (पाणी ॲसिडमध्ये ओतायचं नाही), हातमोजे घाला आणि वाळलेल्या ढेकळावर चार थेंब टाका. फसफसलं तर मोकळा चुना आहे, आणि तो असेपर्यंत ती माती आम्ल होऊ शकत नाही. कागदी पट्टीवर विसंबू नका, त्यातून नमुना ड्रिपरखालचा, नुकतंच फॉस्फरिक ॲसिड किंवा खत सोडलेला असेल तर आकडा हमखास फसवतो. खताच्या जागा सोडून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा, फळबागेत ०-३० आणि ३०-६० सेंटिमीटरचे नमुने वेगळे ठेवा, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. मुक्त चुन्याचं प्रमाण मुद्दाम मागा.

नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता, तीही बहुतेक जास्तीच्या चुन्यामुळंच. १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग ५० ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून नवतीवर सकाळी किंवा संध्याकाळी फवारा, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. नुसतं फेरस सल्फेट जमिनीतून दिलं तर चुनखडीत अडकून बसतं. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) घेणार असाल तर ईडीडीएचए असं लिहिलेलं घ्या. ईडीटीए अशा सामूत टिकत नाही. वाफ्यात पाणी साचत असेल तर आधी ते काढा, त्यानंही हाच पिवळेपणा वाढतो. जुनी, खालची पानं पिवळी असतील तर कारण वेगळं, नत्र किंवा मॅग्नेशियम बघा.

जमीन खरंच आम्ल असणाऱ्यांसाठी, म्हणजे कोकणातली जांभी, पॉलिहाऊससाठी आणलेली लाल माती, उदगीरकडं बिदरच्या पठाराला लागून असलेल्या काही लाल जमिनी, तेही मोजूनच: साधी चुनखडी पावडर घ्या. ६० मेशच्या (इंचाला ६० भोकांच्या) चाळणीतून जाणारी हवी, रवाळ असेल तर पहिल्या वर्षी फारसं काही करत नाही. निम्मी नांगरटीआधी, निम्मी नंतर टाकून वखरानं सहा इंचात मिसळा, ओल हवी, पेरणीआधी महिनाभर. युरिया आणि डीएपीपासून दोन-तीन आठवडे लांब ठेवा, नाहीतर अमोनिया उडून जातो आणि स्फुरद अडकतो. १०० किलो चुनखडीचं काम ७४ किलो विझवलेला चुना किंवा ५६ किलो कळीचा चुना करतो, पण उभ्या पिकात हे दोन्ही टाकू नका, मुळं भाजतात. डोळ्यांना चष्मा लावा.

लिक्विड लाइम अगदीच निरुपयोगी आहे असं नाही, हे दाजींसाठी लिहितो. वाफा उकरता येत नाही, पीक उभं आहे आणि फरक लवकर हवा आहे, तिथं तो चालतो. मात्र भाव लिटरचा नको, आतल्या चुनखडीच्या किलोचा काढा. आणि लेबलवर कॅल्शियम क्लोराईड लिहिलं असेल तर तो चुनाच नव्हे. सामू चढवतो तो कार्बोनेट, कॅल्शियम नव्हे. जिप्समही त्यामुळंच सामू चढवत नाही.

ठिबकातून मात्र कधीच नाही. आधीच सोडला असेल तर सबमेन (उपमुख्य पाइप) आणि लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची) शेवटची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग ॲसिड प्रक्रिया करून रात्रभर ठेवा आणि पुन्हा धुवा. चुनखडी विरघळेल, पण कॅनमधली चिकणमाती ॲसिडनं जात नाही. ती ज्या ड्रिपरमध्ये बसली असेल ते ड्रिपर बदलावेच लागतात.