कोंबडीनं सापाचं पिल्लू गिळलं, तर अंडी खायची का?

ताई, खुशाल खा. तुमच्या तलंगेनं, म्हणजे तरण्या कोंबडीनं, वीतभर सापाचं पिल्लू गिळलं म्हणून अंड्यात विष उतरत नाही. सापाचं विष रक्तात गेलं तर घात करतं, पोटात गेलं की ते पचून जातं. धोका असतो गिळण्याआधी, दंश झाला तर. पिल्लू गिळून ती संध्याकाळी नेहमीसारखी खुराड्यात चढली असेल, तर विषय संपला. फक्त पावसाच्या तोंडावर एक पिल्लू दिसलं की जवळपास आणखी असू शकतात, तेव्हा खुराड्यात हात घालताना आधी बॅटरी मारून बघा.

आपण कोंबडीला ज्वारी टाकतो म्हणून ती दाणे खाणारी वाटते. मूळची ती रानकोंबडी, जे हलेल त्यावर झडप घालणारी. आमच्याकडं परभणीच्या बाजूला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कडब्याची गंजी उसकटायला घेतली, की कोंबड्या आधीच येऊन उभ्या असतात. उंदराची गुलाबी पिल्लं तर त्या क्षणात संपवतात. मोठा उंदीर सापडला तर डोक्यावर टोचे मारून, आपटून अर्धमेला करतात आणि एकजण तो घेऊन पळते, बाकीच्या मागं. पाल, सरडा, सापसुरळी, बेडकाची पिल्लं, घरट्यातून पडलेलं चिमणीचं पिल्लू, काही सोडत नाहीत. विंचूसुद्धा! नांगरामागं हुमणीच्या अळ्या वेचताना तर त्यांना दाण्याची आठवणही राहत नाही. सोयाबीनमधली वाणी (पुष्कळ पायांचा किडा) मात्र बहुतेकजणी चोच लावून टाकून देतात, तिचा वास उग्र. खरबरीत पाठीच्या मोठ्या बेडकाच्या कातडीत विष असतं, त्यालाही सहसा शिवत नाहीत.

दात नसल्यानं सगळं अख्खंच गिळायचं, दळायचं काम पोट्यातले खडे करतात. मोठा घास अडकला की गळ्याखालची पिशवी फुगून राहते. सकाळी दाणे टाकण्याआधी चाचपून बघा, ती रिकामी लागायला हवी. भरलेली, घट्ट लागली तर पशुवैद्याला दाखवा.

मला स्वतःला सापाविंचवापेक्षा आपण टाकलेल्या औषधाची भीती जास्त वाटते. उंदरांसाठी रानात झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवतात. ते खाल्लेला उंदीर झिंगत उघड्यावर येतो, कोंबडीला आयता सापडतो, आणि त्याच्या पोटातलं विष तिच्या पोटात जातं. शेजाऱ्यानं आमिष ठेवलं असेल तर तेवढे दिवस कोंबड्या कोंडून ठेवा, मेलेले उंदीर खोल पुरा. मेलेलं जनावर उकिरड्यावर टाकू नका. त्यातल्या अळ्या खाऊन कोंबडीची मान लुळी पडते, आणि ती मरूही शकते. मुंग्या आणि शेणकिड्यांतून पट्टकृमी जातात, ते वेगळंच. विष्ठेत तांदळासारखे पांढरे तुकडे दिसले तर जंताचं औषध विचारून द्या.

कोंबड्या असल्या की साप फिरकत नाही, असं काहीजण म्हणतात. उलट आहे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरामागं साप, आणि नागाला अंडीही चालतात. दाण्याचा डबा झाकणाचा ठेवा, अंडी दिवस मावळायच्या आत उचला, आणि खुराड्याच्या खालच्या भोकांना बारीक जाळी ठोका.