प्रश्नोत्तरे : शुश्रूषा करणाऱ्यांचा थकवा

पाऊस लागला की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळी ताप) आणि सर्पदंशाचे रुग्ण वाढतात आणि पाठोपाठ आरोग्य कर्मचाऱ्यांची पत्रेही. गोंधळ दरवर्षी तोच असल्याने काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : बर्नआउट हा आजार आहे का? (परिचारक, चिपळूण)

नाही, बर्नआउट म्हणजे कामाचा ताण साचून येणारा थकवा; जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ती कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदली आहे. तिच्याआड नैराश्य नाही ना, हे मात्र तपासून घ्यावे.

प्रश्न : भावनिक बुद्धिमत्तेचे एकदिवसीय शिबिर आणि प्रत्येक परिचारिकेचा 'ईक्यू' गुणांक असा प्रस्ताव आला आहे. स्वीकारावा का? (रुग्णालय व्यवस्थापक, सावंतवाडी)

सॅलोव्ही आणि मेयर यांनी 1990 मध्ये मांडलेली ही संकल्पना, म्हणजे आपल्या व इतरांच्या भावना ओळखून त्यानुसार वागण्याची क्षमता, सरावाने वाढते. एका दिवसात, चहा-बिस्किटांसह, वाढत नाही. सलग रात्रपाळ्या करणाऱ्या बाईंच्या हाती गुणपत्रिका देण्यापेक्षा तो पैसा आणखी एक परिचारिका नेमण्यात घालावा.

प्रश्न : सर्पदंश झालेले एक मूल वॉर्डात दगावले. तेव्हापासून झोप नाही, त्या खाटेकडे जाववत नाही, रुग्णांवर उगाच खेकसते. वरिष्ठ म्हणतात, सवय होईल. मैत्रिणीने दिलेली अल्प्राझोलामची गोळी दोन महिने रोज घेते आहे. (परिचारिका, गुहागर)

'सवय होईल' हे मी इतक्या वर्षांत इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की आता राग येतो. कामाचा ताण साचत जाऊन बर्नआउट हळूहळू येतो; दुसऱ्याच्या यातना जवळून पाहिल्याने होणारा आघात मात्र एखाद्या घटनेनंतर अचानक उमटू शकतो, आणि झोप उडणे, ती जागा टाळणे, माया आटल्यासारखे वाटणे ही त्याचीच लक्षणे असू शकतात. तो तुमच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे. मला खरी काळजी आहे ती गोळीची. अल्प्राझोलामसारख्या चिंता शमवणाऱ्या औषधांची काही आठवड्यांतच सवय लागते, मात्रा वाढवावीशी वाटते, आणि एकाएकी बंद केल्यास झटकेही येऊ शकतात. म्हणून हे वाचून ती आजच टाकून देऊ नका, मात्रा वाढवूही नका, तर याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन त्यांच्या देखरेखीखाली ती टप्प्याटप्प्याने कमी करा. रुग्णाला चिठ्ठीशिवाय गोळी न देणारी माणसे स्वतः ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून पट्टी आणतात, हे मला आजवर उमगलेले नाही. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात कोणी ओळखीचे पाहील अशी धास्ती असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास चालू असतो. जीव नकोसा वाटल्यास आठवड्याचीही वाट न पाहता त्याच दिवशी, सोबत कोणाला तरी घेऊन, रुग्णालय गाठावे.

प्रश्न : थकव्यावर अश्वगंधा घ्यावी का? (आशा सेविका, दापोली)

आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, मग डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पत्नी आरोग्य केंद्रातून घरी आली की कोणाशी बोलत नाही. काय करू? (राजापूर)

आल्याआल्या चौकशी करू नये. गणपतीची रजा मिळाली तर स्वयंपाकाचा आणि पाहुण्यांचा भार तुम्ही उचलावा, कारण पंगती वाढण्यात गेलेली रजा विश्रांती ठरत नाही. दोन आठवड्यांत फरक न पडल्यास दोघांनी मिळून तज्ज्ञांना भेटावे; गणपतीपर्यंत थांबू नये.