‘संतकृपा झाली’ कोणत्या बहिणाबाईंचा?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ हा अभंग नेहमी होतो. एक ताई म्हणाल्या, हा बहिणाबाईंचा. दुसऱ्या म्हणाल्या, म्हणजे ‘अरे संसार संसार’ वाल्या. नक्की कोणत्या? शिवाय संत बहिणाबाईंना नवरा मारायचा, तरी त्यांनी त्याची सेवा केली असं ऐकलं. हे मला फार खटकतं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, या दोघी वेगळ्या. ‘अरे संसार संसार’ रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८०चा. तुमच्या मंडळात होतो तो अभंग त्यांच्या अडीचशे वर्षं आधी जन्मलेल्या संत बहिणाबाईंचा (१६२८–१७००). माहेर देवगाव रंगारी, समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला.

ज्ञानदेवांनी पाया रचला आणि तुका कळस झाला, हे आपण म्हणीसारखं बोलतो. माझ्या आजीकडे हरिपाठानंतर हा अभंग व्हायचा आणि ‘तुका झालासे कळस’वर टाळ थांबायचे. मलाही वाटायचं, अभंग तिथेच संपला. पुढे बहिणाबाईंची गाथा हाती आली तेव्हा कळलं की त्यानंतर आणखी एक चरण आहे. पाठभेद आहेत, पण देवळावर फडकणारी ध्वजा आणि ‘बहिणा’ ही नाममुद्रा त्यातच आहे. जिने हे देऊळ शब्दांत उभं केलं, तिचंच नाव आपण गाताना गाळतो, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या मंडळात तो चरण जरूर म्हणा.

आता नवऱ्याबद्दल. बहिणाबाईंनी आपलं आयुष्य स्वतःच अभंगांतून सांगून ठेवलं आहे, त्यामुळे आपल्याला तर्क करावा लागत नाही. तिसऱ्या वर्षी लग्न, आणि नवरा तिशीतला बिजवर, गंगाधरपंत पाठक. पुढे घरच्या भांडणापायी गाव सुटलं. भिक्षा मागत, क्षेत्रं करत हे कुटुंब कोल्हापूरला एका ब्राह्मणाच्या घरी उतरलं. बहिणाबाई तेव्हा अकराच्या आसपास. तिथे त्यांना वासरासह एक गाय मिळाली. त्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला, की त्या पाण्याला निघाल्या की ते मागे, कीर्तनाला निघाल्या की मागे. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं, तर ते हंबरू लागलं. स्वामींनी त्याला आत आणवलं आणि दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. गावात चर्चा झाली, ती नवऱ्याच्या कानावर गेली आणि त्यांनी त्या पोरीला बांधून मारलं. गाय-वासरू दोघांनी चारा-पाणी टाकलं. वासरू गेलं. बहिणाबाई तीन दिवस बेशुद्ध होत्या आणि पुढे त्यांना स्वप्नात तुकोबांचं दर्शन झालं. अकरा वर्षांची मुलगी आणि एक वासरू. हा भाग मी कितीदा वाचला तरी घशाशी येतो.

पुढे तर घरात आणखी आग पेटली. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र मानलेल्या तुकोबांना गुरू करावं, हे गंगाधरपंतांना सहन होईना. ते घर सोडून जायला निघाले आणि आजारी पडले. बहिणाबाईंनी शुश्रूषा केली. त्या दुखण्यात गंगाधरपंतांना वाटलं की तुकोबांच्या निंदेचं हे फळ. मन पालटलं आणि सगळं कुटुंब देहूला गेलं, तुकोबा हयात असतानाच.

सेवा केली ती मनापासून, हे खरं. पतिव्रताधर्मावर त्यांचे अभंगही आहेत, तेही लपवायला नकोत. पण ज्या शास्त्रावर त्यांचा विश्वास, त्याच शास्त्राला त्यांनी गाऱ्हाणं घातलं :

वेद हाका देती पुराणे गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे ॥
मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आता कैसी ॥

परमार्थासाठी बाई टाळा असं शास्त्र म्हणतं, मग बाईनेच परमार्थ कुठे करायचा? तुम्हाला खटकतं ते त्यांनाही खुपत होतं. फरक एवढाच की त्यांना निघून जायला जागा नव्हती. मार खाऊनही त्यांनी तुकोबांना सोडलं नाही, त्या घरातच राहिल्या, आणि अखेर नवऱ्यालाच देहूला यावं लागलं. त्या मारहाणीला मी कधीही ‘परीक्षा’ म्हणणार नाही, कीर्तनात कुणी म्हटलं तरी. त्यांनी स्वतः ती दुःख म्हणूनच सांगितली आहे.

‘आत्मनिवेदना’चे अभंग गाथेत सुरुवातीलाच आहेत. रोज दोन-चार वाचा, मोठ्याने. वासराचा भाग आला की मंडळातल्या बायकांनाही वाचून दाखवा.