आयव्हीएफ चालू असताना अ‍ॅक्युपंक्चर घेतलं तर यशाची शक्यता वाढते का? किती सिटिंग घ्यावीत? जाऊबाई म्हणतात, जर्मनीत सिद्ध झालंय. माझं एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, वजन सोबत लिहिलंय.

वाढत नाही. आता सविस्तर, कारण या विषयावरून आमच्या घरात अजून भांडणं होतात.

'जर्मनीत सिद्ध झालंय' असं तुमच्या जाऊबाई म्हणतात. आमच्या वन्संनीही हेच ऐकवलं होतं. तो अभ्यास २००२ चा. १६० बायका, निम्म्यांना ट्रान्सफरच्या (म्हणजे तयार गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या) आधी आणि नंतर सुया. त्यांच्यात गर्भ राहिला ४२.५ टक्क्यांना, बाकीच्यांत २६.३. आकडा भारीच आहे, पण बाकीच्यांना नुसतं पडून राहायला सांगितलं होतं. खोट्या सुयांचा, म्हणजे नुसतं टोचल्याचं भासवण्याचा, गट नव्हताच. पुढे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आला. खऱ्या सुयांच्या गटात मूल झालं १८.३ टक्क्यांना, खोट्यांच्या गटात १७.८. मी हे वन्संना पाठवलं. निळी टिक आली, उत्तर नाही.

सोलापुरात वन्संच्या ओळखीचे एक अ‍ॅक्युपंक्चरवाले होते. भिंतीवर डॉ. कोटणिसांचा फोटो, त्यामुळे सासूबाई दारातच गार. (सोलापूरचे कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातून युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेले होते, पण ते सर्जन होते. ही विद्या चीनहून शिकून आले ते त्यांच्या पथकातले डॉ. बसू, कोलकात्याचे. पण हे सोलापुरात बोलायची सोय नाही.) ट्रान्सफरला लघवी भरलेली ठेवून या, असं क्लिनिकने बजावलेलं, आणि त्याआधी सुया झाल्याच पाहिजेत हा वन्संचा हट्ट. म्हणून मी बाटलीभर पाणी ढोसून त्या टेबलावर आडवी. कानात, टाळूवर, पायाच्या अंगठ्यापाशी सुया, ओटीपोट तट्ट, आणि हलायचं नाही. पडद्याआडून वन्सं विचारतायत, "काही ऊब जाणवतेय का गं?" जे जाणवत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. मग तशीच रिक्षाने सात रस्त्याच्या क्लिनिकपर्यंत, एकेक स्पीडब्रेकर मोजत. ट्रान्सफर झाल्यावर परत त्याच टेबलावर.

मुलगी झाली. आता शाळेत जाते. वन्सं दर हळदीकुंकवाला सांगतात, "सुयांचा गुण हो!" पोटात रोज टोचलेली इंजेक्शनं, एग पिकअपनंतर (बीजं काढून घेतल्यावर) टरारलेलं पोट, प्रोजेस्टेरॉनच्या तेलकट इंजेक्शनांनी कमरेवर आलेल्या गाठी, ज्या मी रात्री तव्यावर कापड गरम करून शेकायचे, हे सगळं कुणाच्या खात्यात मांडायचं?

बरं वाटत असेल तर जरूर घ्या. एरवीच्या सिटिंगला मला तिथे छान झोप लागायची, कारण 'काही कळलं का?' विचारणारं तिथे कुणी नसायचं. तेवढ्यासाठी पैसे मोजायला माझी ना नाही. पण इंजेक्शनांचे पैसे जमवतानाच दमछाक होत असेल तर पहिली काट इथेच मारा.

हां, हेपरिन किंवा इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारी औषधं) चालू असेल तर आधी आयव्हीएफच्या डॉक्टरांना विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. सोबत चूर्ण दिलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नका. बीटा (गर्भ राहिल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली की सुयावाल्यांना लगेच सांगा, गरोदरपणात काही जागी टोचत नाहीत.

आणि तुमच्या प्रश्नात तुमचं एएमएच आहे, थायरॉइड आहे, वजनसुद्धा आहे. नवऱ्याचा रिपोर्ट एकाही ओळीत नाही. आमच्याकडे आयव्हीएफपर्यंत पोचायच्या आधी सुया, चूर्ण, सोळा सोमवार, सगळं माझ्यावर झालं आणि ह्यांची सीमेन टेस्ट सगळ्यात शेवटी, कारण 'आमच्या घराण्यात तसलं काही नसतं'. काउंट किती निघाला, ते मात्र वन्सं हळदीकुंकवात सांगत नाहीत.