बामणोलीला बांधलेली बोट लॉकडाउनमध्ये पुण्याहून बघायला जाता येईल का?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: सोळा फुटी फायबर बोट, मागं बाहेरून टांगलेलं ४० एचपीचं (आउटबोर्ड) इंजिन, मार्चपासून बामणोलीत शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाला बांधलेली, तुम्ही पुण्यात, आणि तौक्ते वादळाचा वारा येऊन गेल्यापासून तुमचा जीव टांगणीला. हे उत्तर २० मे २०२१ चं, करोनाच्या लॉकडाउनमधलं, त्या दिवशी लागू असलेल्या नियमांप्रमाणे; खाली ‘आज’ आणि ‘सध्या’ म्हणजे तो दिवस.

नुसतं बघायला जाता येणार नाही. २२ एप्रिलच्या रात्री ८ पासून जिल्ह्याबाहेरचा खासगी प्रवास अत्यावश्यक सेवा, वैद्यकीय निकड, अंत्यविधी किंवा घरातलं गंभीर आजारपण एवढ्यासाठीच आहे, आणि हे निर्बंध सध्या १ जूनच्या सकाळी ७ पर्यंत वाढवलेले आहेत. मोडले तर १० हजार रुपये दंड. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि तपासणी तिथंच होते. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांचे स्थानिक आदेश राज्याच्या आदेशापेक्षा कडक असू शकतात, तेव्हा साताऱ्याचा ताजा आदेश वेगळा वाचा.

पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-पाससाठी, म्हणजे प्रवासाच्या परवान्यासाठी, अर्ज करता येतो. फोटो २०० केबीच्या आत, कागदपत्रं एकाच फाइलमध्ये १ एमबीच्या आत. मग टोकन क्रमांक मिळतो आणि त्यावर पास मंजूर झाला का ते कळतं. कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहा. ‘बोटीची पाहणी’ हे कारण बहुधा नाकारलं जाईल. पण आजारपणाचा खोटा दाखला जोडू नका, ही कळकळीची विनंती. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला मोठं रुग्णालय म्हणजे महाबळेश्वर नाहीतर सातारा, मध्ये घाट, आणि पलीकडच्या कित्येक वाड्यांना लाँचशिवाय वाट नाही. तिथं एक माणूस अत्यवस्थ झाला तर त्याला हलवायलाच दोन-तीन तास जातात. गावांनी बाहेरच्यांना थांबवलं त्यामागं हे कारण आहे.

मात्र बोट तशीच सोडूनही चालणार नाही, कारण खरा धोका पुढच्या महिन्यात आहे.

कोयनेचं पाणी मेअखेरीस तळाकडं गेलेलं असतं आणि बामणोली जलाशयाच्या वरच्या अंगाला असल्यामुळं तिथला काठ फार लांब सरकतो. मार्चला बांधलेली बोट आज बहुतेक गाळात कलंडून बसलेली असेल. हे तसं बरं, फक्त खाली दगड किंवा बुडालेल्या झाडाचा खुंट नसावा. पावसाळ्यात हेच उलटं होतं. धरण पूर्ण भरलं की पातळी २१६३.५ फूट, म्हणजे आजच्यापेक्षा उभी उंची पन्नास फुटांहून सहज जास्त. आवक एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, असेल तर दिवसाला ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी येतं, आणि धरण आहे १०५.२५ टीएमसीचं. आखूड दोरानं खाली बांधलेली बोट अशा वेळी वर येऊ शकत नाही. दोर ताणतो, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली ओढली जाते, कडेवरून पाणी आत येतं आणि बोट तोंडावर बुडते.  तेवढा दोर लांब सोडावा म्हटलं, तर वाऱ्यावर बोट शंभर-दोनशे फूट फिरणार आणि खुंटांवर आपटणार.

पावसाचा हिशेबही करून बघा. सोळा फुटी बोटीचं वरचं तोंड साधारण साडेसहा चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या भागात जून-जुलैत एका दिवसात तो पडतोच, तर आत साडेसहाशे लिटर पाणी. मागं सत्तर-पंच्याहत्तर किलोचं इंजिन आधीच टांगलेलं. दोन दिवस कुणी उपसलं नाही तर मागची बाजू पाण्याखाली जाते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: यंदा बोट पाण्यात ठेवू नका, आणि वर काढायला स्वतः जाऊ नका. काठावरच्या माणसाला काम नेमून द्या. पर्यटन बंद असल्यानं तिथल्या बोटवाल्यांच्या हाताला काम नाही. दिवसाची मजुरी ठरवा आणि पैसे आधी पाठवा. रेंज धड नसते, तेव्हा व्हिडिओ कॉलच्या भानगडीत न पडता चार फोटो मागा: समोरून, मागून इंजिनासकट, आतल्या तळाचा, आणि दोर जिथं बोटीच्या कडेवर घासतो तिथला अगदी जवळून. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा. नायलॉनच्या दोराचे पीळ तिथं केसाळ, पांढरट दिसले तर तो दोर गेला म्हणून समजा. निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर उन्हानं कडक होतो आणि बोटांनी चुरगळला की भुगा पडतो. तो असेल तर न बघताच बदला. १२ ते १४ मिलिमीटरचा नायलॉन घ्या आणि घासणाऱ्या जागी बागेच्या पाइपाचा वीतभर तुकडा चढवा. बोट वर निघेपर्यंत नाळेकडून दोन दोर फाकवून आणि मागून एक, असं बांधायला सांगा.

वर काढताना आधी इंजिन, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. रिकामी बोट पाच-सहा जण ओंडक्यांवरून सरकवतात. माणसं गावातलीच असावीत आणि मास्क लावलेली. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या खुणेच्या वर बोट न्यायची. डोंगरउतारावर झाडी संपून उघडी माती सुरू होते ती रेघ म्हणजे ती खूण. तिच्या खालच्या जमिनीत गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरणी, करतात, त्यामुळं ‘आत्ता कोरडं आहे’ म्हणून कुणाच्या वावरात ठेवू नका. बोट जुन्या टायरांवर, नाळ वीतभर उंच, आतलं पाणी वाहून जायचं मागचं बूच काढलेलं. ते बूच स्टिअरिंगला सुतळीनं बांधून ठेवायला सांगा. ते हरवतं आणि मग पहिल्याच दिवशी बोट पाण्यात भरते. ताडपत्री मध्ये आडवा बांबू देऊन उतरती बांधायची. सपाट बांधली की तिच्यात पाण्याचा डोह साचतो आणि फाटते. बोट दोन झाडांना बांधायलाच हवी, कारण रिकामी फायबर बोट वाऱ्यानं उलटते.

इंजिन घरात उभं टांगून ठेवायचं. आडवं ठेवायची वेळ आली तर पंख्याची बाजू कधीही इंजिनाच्या डोक्यापेक्षा, म्हणजे सिलिंडरच्या बाजूपेक्षा, वर नको, आतलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. कार्ब्युरेटर रिकामा करायचा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन महिन्यांत ओल धरतं आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, चिकटा बसतो. बॅटरीची ऋण तार आधी सोडायची, १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करायची, तिथं वीज गेली तरी पंधरवड्यात एकदा जमतंच.

दिनांकासह काढलेले फोटो विमा कंपनीला मेलवर पाठवा आणि निर्बंधांमुळं स्वतः जाता येत नाही हे लेखी कळवा.

हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत उरकायला हवं. वळवाचा एक जोराचा पाऊस झाला की काठाचा गाळ लोण्यासारखा होतो आणि ओंडके रुततात. निर्बंध उठल्यावर जाल तेव्हा जुनं पेट्रोल वापरू नका, आणि इंजिन पाण्याबाहेर ‘जरा लावून बघू’ म्हणून सुरू करू नका. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा आतला रबरी पंप कोरडा फिरला की काही सेकंदांत जळतो. पाण्यात उतरवून चालू करा आणि बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडते का ते बघा; धार नसेल तर लगेच बंद करा.